विश्लेषण : प्रयोगशाळा नसताना विज्ञान शिकवता येते? मॅट्रिक झालेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी काय करून दाखवले?

खांडबाऱ्यात एखाद्या शाळेच्या अंगणात एक मीटर उंचीची काठी सरळ उभी रोवली, तर २२ डिसेंबरच्या दुपारी तिची सावली जवळपास काठीइतकीच, सुमारे ९९ सेंटिमीटर पडेल. १४ जानेवारीला, म्हणजे मकर संक्रांतीला, तीच सावली सुमारे ९२ सेंटिमीटर असेल. सूर्य उत्तरेकडे वळतो तो दिवस म्हणजे संक्रांत, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण सावली तर त्याआधीच सात सेंटिमीटर आखडलेली असते. मग सूर्य वळला कधी?

हा प्रश्न सुटायला दुर्बीण लागत नाही. काठी, सुतळी आणि मोजपट्टी पुरते. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील विद्वानांमध्ये याच सात सेंटिमीटरवरून अनेक वर्षे कडाक्याचा वाद झाला. त्या वादाचा सांगोपांग इतिहास लिहिला तो एका शाळामास्तराने. त्यांनी आपल्या आयुष्यातील साधारण पाच वर्षे धुळ्यात शिक्षक घडवण्यात घालवली. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

कोण होते दीक्षित?

रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या मुरुड या गावी २१ जुलै १८५३ रोजी त्यांचा जन्म झाला. (महर्षी कर्व्यांचे मुरुड ते हेच. जंजिऱ्याजवळचे मुरुड वेगळे.) गावच्या शाळेत शिक्षण झाल्यावर १८७० मध्ये ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. हे कॉलेज मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारे होते. १८७४ मध्ये ते मॅट्रिक झाले. औपचारिक शिक्षण तिथेच थांबले. बी. ए. नाही, विलायतेची वारी नाही, वेधशाळेत नोकरी नाही.

त्यानंतरचे सगळे आयुष्य शिक्षण खात्याच्या बदल्यांमध्ये गेले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, मग धुळे आणि शेवटी पुणे. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात गणित, जुन्या पोथ्या, आकाश. शिक्षकी पेशात राहून असे काम करणारे ते एकटे नव्हते. त्यांच्याच पिढीतले व्यंकटेश बापूजी केतकर हेही शाळेत शिकवत शिकवतच ज्योतिर्गणिताचे मोठे काम करून गेले. पण दीक्षितांचे वेगळेपण असे की त्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिणे कधी हलके मानले नाही. त्यांचे पहिले पुस्तक ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’ १८७६ मध्ये आले, ‘सृष्टचमत्कार’ १८८२ मध्ये. संशोधक म्हणून नाव झाले ते त्यानंतर.

धुळ्यात त्यांनी काय केले?

१८८९ च्या सुमारास ते धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये आले. तेव्हा खानदेश हा एकच अवाढव्य जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी १९०६ मध्ये झाली. नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा निघाला. म्हणजे आजचे खांडबारा, नवापूर, तळोदा, शहादा हा सगळा मुलूख त्या काळी धुळ्याच्याच कारभाराखाली होता. खांडबाऱ्यावरून जाणारी सुरत-भुसावळ रेल्वेही नव्हती. ती आली शतक संपता संपता.

याच धुळ्याच्या वास्तव्यात, १८९२ मध्ये, त्यांचे ‘ज्योतिर्विलास’ प्रसिद्ध झाले. मराठीत आकाशाची ओळख करून देणारे हे पुस्तक सामान्य वाचकासाठी होते. त्यातील आकाश उघड्या डोळ्यांनी दिसणारे आहे. नक्षत्रे कुठे बघायची, ग्रह ताऱ्यांपासून वेगळे कसे ओळखायचे, चंद्र रोज किती सरकतो, हे अंगणात उभे राहून पडताळता येते. ज्या शिक्षकाच्या शाळेत काचेची एक नळीही नाही, त्यालाही रात्रीचे आकाश फुकट मिळते.

आज आपण शाळेतील प्रयोग म्हटले की चंचुपात्र, परीक्षानळी, लिटमस कागद, विजेरी एवढेच डोळ्यांपुढे आणतो. खगोलशास्त्र मात्र पाठ करण्याच्या धड्यांत जाऊन बसते. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे वाक्य दहावीपर्यंत प्रत्येक मूल अनेकदा लिहिते. ते कशावरून, हे विचारले तर वर्गात शांतता पसरते. वास्तविक अंगणातील काठीच्या सावलीवरून हा कल मोजता येतो आणि उत्तर बऱ्यापैकी बरोबर येते.

काठीचा प्रयोग कसा करायचा?

आपल्या जुन्या ग्रंथांत या काठीला शंकू म्हणतात. दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात वेध घेण्याच्या यंत्रांचे स्वतंत्र वर्णन केले आहे. त्यात शंकू हे सगळ्यांत साधे साधन. पण साधे साधन म्हणजे हलगर्जीपणा चालतो असे नाही.

पहिली गोष्ट जमिनीची. ती सपाट हवी. फरशीचा ओटा असल्यास उत्तम. काठी उभी आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. गवंड्याचा ओळंबा लावून दोन बाजूंनी तपासावे. दुसरी अडचण सावलीच्या टोकाची. सूर्य हा बिंदू नाही, थाळी आहे. त्यामुळे एक मीटर काठीच्या सावलीचे टोक डिसेंबरात दीडदोन सेंटिमीटर धूसर दिसते. एक विद्यार्थी ९८ म्हणेल, दुसरा १००, आणि दोघेही प्रामाणिक असतील. उपाय सोपा आहे. काठीच्या टोकाला पत्र्याची चकती बसवायची, तिला खिळ्याने छोटे भोक पाडायचे. जमिनीवर सावलीच्या मध्ये उन्हाचा लहानसा गोल ठिपका पडतो, त्याचा मध्य मोजायचा. उंचीही जमिनीपासून भोकापर्यंत धरायची. सूर्याकडे पाहायचे नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवावे.

आता पूर्व-पश्चिम. काठीच्या बुडाला मध्य धरून सुतळीने जमिनीवर एक मोठे वर्तुळ काढायचे. सकाळी सावली लांब असते, ती आखडत आखडत वर्तुळाच्या आत शिरते. ज्या ठिकाणी तिचे टोक वर्तुळाला टेकले तिथे खूण करायची. दुपारनंतर ती पुन्हा लांबते आणि दुसऱ्या बाजूने वर्तुळाबाहेर पडते, तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. ही रीत शुल्बसूत्रांइतकी जुनी आहे. सूर्य दिवसभरात किंचित उत्तर-दक्षिण सरकतो, म्हणून मार्च-सप्टेंबरात या रेघेत थोडी चूक राहते. डिसेंबरच्या अखेरीस ती जवळजवळ नसते. मोबाइलमधले होकायंत्र शेजारी ठेवून पाहायला हरकत नाही, पण चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर एकच नसतात. शिवाय जवळ लोखंडी खांब असला की ते भरकटते. अशा वेळी भरवसा सावलीच्या रेघेवर ठेवावा.

सर्वांत आखूड सावली पडते ती मध्यान्ह. घड्याळात बारा वाजता ती पडत नाही, याचे मुलांना हमखास नवल वाटते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि खांडबारा साधारण ७४ अंशांवर. प्रत्येक अंशाला चार मिनिटे, म्हणजे सुमारे ३४ मिनिटांचा फरक. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात खांडबाऱ्याची खरी दुपार साडेबाराच्या किंचित पुढे होते. फेब्रुवारीत ती आणखी उशिरा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बरीच लवकर. दीक्षितांच्या काळी ही भानगड नव्हती. प्रमाणवेळ १९०६ पासूनची, त्याआधी गावोगावची वेळ त्या त्या गावच्या सूर्यावरून धरली जाई.

वर्षभर मोजले तर चित्र असे दिसेल. मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२३ तारखांना दुपारची सावली सुमारे ३९ सेंटिमीटर. २७ मेच्या आसपास ती काठीच्या बुडाशी गुडूप होते, म्हणजे शून्य सावली. २१ जूनला सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला गेलेला असतो, म्हणून जेमतेम चार सेंटिमीटरची सावली उलटी, दक्षिणेला पडते. १६-१७ जुलैच्या सुमारास पुन्हा शून्य सावली. अडचण एवढीच की मेमध्ये शाळेला सुटी असते आणि जुलैत नवापूरच्या पट्ट्यात आभाळ गच्च भरलेले असते. डिसेंबर मात्र हमखास निरभ्र.

सावली भागिले काठी, हे गुणोत्तर दहावीच्या त्रिकोणमितीतले टॅन. मार्चच्या ३९ सेंटिमीटरवरून कोन येतो २१ अंशांच्या थोडा वर, तो खांडबाऱ्याचा अक्षांश. डिसेंबरच्या ९९ सेंटिमीटरवरून येतो साधारण ४४.७ अंश. वजाबाकी करा, साडेतेवीसच्या अगदी जवळचा आकडा मिळतो. पृथ्वीच्या अक्षाचा कल तो हाच.

मग संक्रांतीचा वाद नेमका काय होता?

वाद पंचांगाचा होता. त्या काळी पंचांग नुसते भिंतीवर टांगायची वस्तू नव्हते. लग्न, श्राद्ध, उपास, पेरणी सगळे त्यावर चाले. महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या १५२० मधील ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून केली जात. तो ग्रंथ अप्रतिम, पण साडेतीनशे वर्षांत गणिताने सांगितलेली जागा आणि ग्रह प्रत्यक्ष दिसतो ती जागा यांत अंतर पडले होते. प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून आधुनिक गणितावर आधारलेले पंचांग काढले. गणित डोळ्यांना पटले पाहिजे, याला दृक्प्रत्यय म्हणत. त्यावर शास्त्री, जोशी आणि नवशिक्षित असे सगळेच हिरिरीने भांडत.

त्यातला आणखी खोल मुद्दा सायन आणि निरयन गणनेचा. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डुलतो. एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे २६ हजार वर्षे लागतात. यामुळे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा साधारण २० मिनिटांनी मोठे असते. वीस मिनिटे कोणाला जाणवणार? पण साधारण ७० वर्षांत त्याचा एक दिवस होतो. सतराशे वर्षांपूर्वी मकर संक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ जवळपास एकाच दिवशी येत. आज त्यांत २३-२४ दिवसांचे अंतर आहे आणि ते वाढतेच आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, तारीख १२ जानेवारी १८६३. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. १९०० हे लीप वर्ष नव्हते, त्याचा एक दिवस यात आहे. बाकीची सरक या वीस मिनिटांची.

विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित हे सायन पक्षाचे. सण ऋतूंशी जुळलेले राहावेत म्हणून सूर्य प्रत्यक्ष वळतो तीच संक्रांत धरावी, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी सायन पंचांग काढून दाखवले. समोरचा पक्षही लेचापेचा नव्हता. नक्षत्रे आकाशात दिसतात तिथेच पंचांगात असावीत, हे निरयनवाद्यांचे म्हणणे तितकेच सरळ होते. लोकांनी सायन पंचांग उचलले नाही. दीक्षितांची बाजू त्यांच्या हयातीत हरली, असेच म्हणावे लागेल.

ज्याला हे काठीवर तपासायचे आहे त्याच्यासाठी एक सूचना. २२ डिसेंबरलाच जाऊन सावली मोजली तर सूर्य आज वळला असे कळणार नाही. त्याआधीचे आणि नंतरचे चारपाच दिवस सावली जवळपास तेवढीच राहते. त्यापेक्षा १ डिसेंबरला मोजावे, सुमारे ९३ सेंटिमीटर भरेल. मग सावली वाढून परत त्याच मापाला कधी येते ते पाहावे. ती येईल ११ जानेवारीच्या आसपास. दोन तारखांचा मध्य काढला की वळणाचा दिवस हाती येतो.

कृत्तिकांनी काय सांगितले?

अक्षाच्या याच सावकाश डुलण्याचा दीक्षितांनी केलेला उपयोग सर्वांत गाजला. शतपथ ब्राह्मणात असा उल्लेख आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात. शेकडो पंडितांनी हे वाचले असेल. दीक्षितांना त्यात वेध दिसला, कोणीतरी प्रत्यक्ष पाहून केलेली नोंद. कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवायच्या तर त्या विषुववृत्ताच्या रेषेवर असायला हव्यात. तशा त्या कधी होत्या, याचे गणित त्यांनी केले आणि उत्तर आले इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमारास. १८९५ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’ या इंग्रजी नियतकालिकात हे मांडले गेले. दोन वर्षे आधी टिळकांचा ‘ओरायन’ आला होता. टिळकांनी मृगशीर्षावरून वेदांचा काळ काढला, दीक्षितांनी कृत्तिकांवरून ब्राह्मण ग्रंथाचा. हा निष्कर्ष सर्वांनी मानला नाही. जुन्या वाक्यातली पूर्व इतकी काटेकोर धरावी का, हा आक्षेप आजही घेतला जातो आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही.

हेही अंगणात पाहता येते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात अंधार पडल्यावर कृत्तिकांचा पुंजका पूर्वेकडे वर येताना दिसतो. डिसेंबरात सावलीवरून काढलेली पूर्व-पश्चिम रेघ खडूने कायम करून ठेवली असेल तर पुढच्या वर्षी नुसते तिच्यावर उभे राहायचे. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. खांडबाऱ्यात कृत्तिका पूर्वेच्या उत्तरेला सुमारे अडीच मुठी, म्हणजे २६ अंशांवर उगवतात. या अडीच मुठी म्हणजे पाच हजार वर्षांत पडलेला फरक.

इतिहासाला या गणिताचा काय उपयोग झाला?

जुन्या शिलालेखांत तिथी असते, क्वचित वारही असतो. तिथीवरून तारीख काढायची आणि वार जुळतो का ते पाहायचे. जॉन फ्लीट गुप्त राजांच्या लेखांवर काम करत होते, तेव्हा हे गणित दीक्षितांनी केले. मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळातील स्तंभ आहे. त्यावर गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार अशी नोंद आहे. ती २१ जून ४८४ या तारखेशी जुळली. गुप्त शकाचा आरंभ इसवी सन ३१९-२० हा ठरण्यात या मेळाचा मोठा वाटा आहे. फ्लीट यांचा तो खंड १८८८ मध्ये निघाला. पुढे १८९६ मध्ये रॉबर्ट सेवेल यांच्यासोबत दीक्षितांनी ‘दि इंडियन कॅलेंडर’ हा इंग्रजी कोष्टकग्रंथ केला. इतिहास संशोधकांनी तो पुढे अनेक दशके वापरला.

मुख्य ग्रंथाचे पुढे काय झाले?

पेशवाईतील दक्षिणेच्या पैशातून इंग्रजी अमदानीत मराठी ग्रंथांना बक्षिसे दिली जात. दक्षिणा प्राइझ कमिटीने पंचांगाच्या इतिहासावर ग्रंथ मागवला, त्यातून दीक्षितांचे लेखन सुरू झाले. वेदकाळापासून त्यांच्या दिवसापर्यंतच्या ज्योतिषाचा हा इतिहास ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या नावाने पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून १८९६ मध्ये छापून आला. तोवर धुळे सुटून दोन वर्षे झाली होती, १८९४ मध्ये त्यांची पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात बदली झाली होती. जिथे विद्यार्थी म्हणून आले तिथेच ते आता शिकवत होते.

ग्रंथ मराठीत होता. त्यामुळे बाहेरच्या अभ्यासकांना तो वाचता आला नाही. इंग्रजीत लिहिले असते तर नाव लवकर झाले असते, हे उघड आहे. पण मग तो खानदेशातील मराठी शाळेच्या मास्तरापर्यंत पोहोचला नसता.

ग्रंथ छापून दोन वर्षे होत नाहीत तोच, एप्रिल १८९८ मध्ये, तापाच्या आजाराने दीक्षितांचे निधन झाले. वय ४४. पुढे स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली. २२ मार्च १९५७ पासून भारताने जी राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, तिचे वर्ष सायन आहे. तिच्यात पौष महिना २२ डिसेंबरला, सूर्य वळल्यावर सुरू होतो. सरकारी राजपत्रावर आणि आकाशवाणीवर ही तारीख असते. तिळगूळ मात्र १४ जानेवारीलाच वाटला जातो. त्याच १९५७ मध्ये ग्रंथाचा हिंदी अनुवाद निघाला. रा. वि. वैद्य यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाचा पहिला भाग १९६९ मध्ये आला, दुसरा १९८१ मध्ये. तोपर्यंत दीक्षितांना जाऊन ८३ वर्षे झाली होती.